पाण्याची रेघ : हार्वी वादळानंतरच्या एका छायाचित्र-प्रकल्पाच्या नोंदी

शुक्रवार, 25 ऑगस्ट 2017, ह्यूस्टन

आज गणेश चतुर्थी. वीज जाण्याची शक्यता वर्तवली असल्यामुळे सकाळी साडेसहालाच प्राणप्रतिष्ठा केली आणि मोदकही वाफवून ठेवले. हार्वी वादळ रात्री दहाच्या सुमारास रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागले. त्या वेळी ते चौथ्या श्रेणीचे होते आणि वाऱ्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर होता. रॉकपोर्ट आमच्यापासून नैर्ऋत्येस सुमारे 250 किलोमीटर आहे, त्यामुळे येथे अद्याप भुरभुरच चालू आहे. कॅमेऱ्याच्या तिन्ही बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्या. जुन्या चित्रांची हार्ड डिस्क दोन पिशव्यांत बांधून ॲटिकमध्ये नेऊन ठेवली आहे. प्रकल्प वगैरे काहीही डोक्यात नाही.

मंगळवार, 29 ऑगस्ट

दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन शनिवारी दुपारी अंगणात बादलीत केले आणि त्या रात्री जो पाऊस लागला, तो आज कोठे जरा ओसरला. आमच्या रस्त्यावरचे पाणी पायरीपाशी येऊन थांबले, घरात शिरले नाही. हे निव्वळ नशीब आहे, त्यात आमचे कर्तृत्व काही नाही, ही गोष्ट पुढच्या सगळ्या नोंदींच्या आधी लिहून ठेवते.

सकाळी दादाचा फोन आला. त्याने केला होता आमची चौकशी करायला, पण मुंबईतही आजच पावसाने कहर केला असून तो स्वतःच परळच्या कचेरीत अडकून पडला होता. आम्ही दोघांनी एकमेकांना गुडघाभर पाण्याचे फोटो पाठवले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, ही आठवण आमच्या घरात अजून पुसलेली नाही. इथे ह्यूस्टनच्या पूर्वेकडील सीडर बायू (बायू म्हणजे संथ वाहणारा ओढा) येथील पर्जन्यमापकाने या चार-पाच दिवसांत 51.88 इंच, म्हणजे 1,300 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवल्याची बातमी आज आहे. फरक एवढाच, की मुंबईचे पाणी भरती उतरली की बहुधा वाट काढते. इथे सपाट जमीन, संथ बायू आणि पश्चिमेकडे ॲडिक्स व बार्कर ही दोन काठोकाठ भरलेली धरणे आहेत. त्यांतून कालपासून पाणी सोडावे लागत असल्यामुळे पाऊस थांबला तरी पूर चढतोच आहे.

चार दिवस घरात कोंडून घेऊन मी मुख्यतः फोटो पाहिले. त्यांतील तीन फोटोंबद्दल लिहून ठेवणे आवश्यक वाटते. पहिला डिकिन्सनमधील एका वृद्धाश्रमाचा आहे. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात काही वृद्ध स्त्रिया खुर्च्यांत आणि चाकाच्या खुर्च्यांत बसून आहेत. रविवारी तो पसरला तेव्हा अनेकांनी तो बनावट ठरवला, पण तो खरा होता, आणि त्याच दिवशी त्या सर्वांना बाहेर काढण्यात आले. दुसरा फोटो महामार्गावर पोहणाऱ्या शार्कचा. तो अनेकांनी खरा मानला. वास्तविक त्यातला मासा दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका गाजलेल्या छायाचित्रातून कापून चिकटवलेला आहे आणि 2011 पासून तो कोणत्याही शहरातल्या पुरात पोहत येतो. तिसरा असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या डेव्हिड जे. फिलिप यांचा : पाण्यातून चालणारा एक पोलीस, त्याने उचललेली एक स्त्री, आणि तिच्या कुशीत गाढ झोपलेले मूल.

छायाचित्र म्हणून तिसरा फोटो सर्वांत सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तथापि ज्या फोटोने प्रत्यक्ष काम केले तो पहिला. त्याची चौकट वाकडी होती आणि प्रकाशही धड नव्हता. पण त्याच्यासोबत पत्ता होता आणि मागणी एकच होती : या बायकांना येथून बाहेर काढा. पाहणाऱ्याला आपण काय करायचे, हे विचारावे लागले नाही.

गुरुवार, 31 ऑगस्ट

कालपासून एक कल्पना घोळते आहे. पुराची सात-आठ छायाचित्रे काढावीत, त्यांचे चांगल्या कागदावर प्रिंट करावेत, आणि मदतनिधीला देणगी दिल्याची पावती जो दाखवील त्याला प्रिंट पाठवावा. छपाई आणि टपालखर्च माझा. पैसे माझ्या हातातून जाणारच नाहीत.

शेवटचे वाक्य एका सीपीए, म्हणजे हिशेबनीस, स्नेह्यांनी लिहायला लावले. त्यांचे म्हणणे सरळ होते : पैसे तुमच्या खात्यात आले, तर ती देणगी नसून प्रिंटची विक्री झाली. मग देणाऱ्याला करसवलत नाही आणि तुम्हाला हिशेबाची डोकेदुखी. शिवाय तुम्ही घातलेल्या वेळाची किंमत आयआरएस, म्हणजे इथले आयकर खाते, देणगी म्हणून धरत नाही, हेही त्यांनी बजावले. तो विचार माझ्या मनात नव्हता. पण आता बजावलेच आहे, तर लिहून ठेवते.

देणगी कोठे द्यायची, यावर अर्धा दिवस गेला. शेवटी दोनच नावे ठेवली. पहिले महापौर सिल्व्हेस्टर टर्नर आणि काउंटी जज (म्हणजे काउंटीचे प्रशासकीय प्रमुख) एड एमेट यांनी सुरू केलेला हार्वी मदतनिधी, ज्याची व्यवस्था ग्रेटर ह्यूस्टन कम्युनिटी फाउंडेशनकडे आहे. दुसरे ह्यूस्टन फूड बँक. तिचा हिशेब एका डॉलरमागे तीन जेवणे असा आहे, आणि तो एका ओळीत सांगता येतो. जे. जे. वॉट या अमेरिकन फुटबॉलपटूने नुसत्या फोनवरच्या चित्रफितीतून 2 लाख डॉलर मागितले आणि आकडा एक कोटीवर गेला. पण तो वॉट आहे. माझ्या ओळखीची माणसे मोजून तीनशे.

शनिवार, 2 सप्टेंबर

आज प्रथम कॅमेरा बाहेर काढला. मेयरलँड भागात गेले. ब्रेज बायूच्या काठच्या या वस्तीत मे 2015 मध्ये मेमोरियल डेला, एप्रिल 2016 मध्ये टॅक्स डेला आणि आता हार्वीत, असे तीन वर्षांत तिसऱ्यांदा पाणी शिरले आहे.

पहिली अडचण अगदी बाळबोध होती. वातानुकूलित गाडीतून उतरताच लेन्सवर वाफ धरली आणि वीस मिनिटे काहीच दिसेना. त्या वीस मिनिटांत मी रस्त्यावर नुसती उभी राहिले, आणि ते बरेच झाले. कॅमेरा डोळ्याला असता तर आधी मी दोन्ही बाजूंच्या राडारोड्याच्या राशी टिपल्या असत्या. ओले गालिचे, चिकटपट्ट्या लावून बंद केलेले फ्रिज, फुगून उकललेली कपाटे, गुलाबी इन्शुलेशनचे लगदे, असे ते ढीग छातीपर्यंत उंच आहेत आणि मैलभर पसरलेले आहेत. अशी चित्रे सगळ्यांनी काढली आहेत आणि त्यांत ढिगामागची दोन घरे वेगळी ओळखू येत नाहीत. वासाचे मात्र चित्र निघत नाही. ओला जिप्सम, सांडपाणी आणि ब्लीच यांचा तो वास घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी नाकातून जात नव्हता.

एका घरासमोर साठीच्या पुढच्या एक बाई एकट्याच शीटरॉक, म्हणजे भिंतीचे जिप्समचे तक्ते, ओढून बाहेर आणत होत्या. मी फोटोसाठी विचारण्याआधी त्यांनीच मला विचारले, "तुम्ही विमा कंपनीच्या का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी आपली अडचण सांगितली. नुकसानीचे फोटो काढायचे होते, पण फोन पाण्यात गेला होता. सर्वसाधारण गृहविम्यात पूर धरला जात नाही, त्यासाठी वेगळा पूरविमा लागतो. तो त्यांनी 2015 नंतर घेतला होता आणि म्हणून त्यांच्याकडे निदान दावा करण्यासारखे काहीतरी होते. ह्यूस्टनमधल्या बहुसंख्य पूरग्रस्त घरांकडे तेवढेही नाही.

मग पुढचे तीन तास मी निधीसाठी एकही फोटो काढला नाही. खोलीगणिक फिरून, प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून, उपकरणांचे क्रमांक वाचता येतील इतक्या जवळून, असे 212 फोटो काढले आणि पेन ड्राइव्हवर उतरवून त्यांना दिले. छायाचित्रणाची इतकी रुक्ष आणि इतकी उपयोगी कामगिरी माझ्याकडून पूर्वी कधी झालेली नाही.

हे करताना मधल्या बोळात एक गोष्ट दिसली. शीटरॉक चार फुटांवर सरळ रेषेत कापून काढला होता आणि आतले उभे लाकडी स्टड उघडे पडले होते. त्यांतील एका स्टडवर काळ्या मार्करने दोन आडव्या रेघा ओढून शेजारी आकडे लिहिले होते : "25 मे 2015" आणि "18 एप्रिल 2016". पहिल्या पुरानंतर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने गंमत म्हणून पहिली रेघ ओढली होती आणि मग तिच्यावर नवी भिंत चढवली होती. भिंत पुन्हा काढावी लागली तेव्हा दुसरी रेघ बाईंनी स्वतः ओढली. यंदाची ओलाव्याची कड त्या दोन्हींच्या बरीच वर होती. बाईंनी खिशातून मार्कर काढला, तिसरी रेघ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "हा फोटो मदतनिधीच्या कामी वापरू का?" त्या म्हणाल्या, "वापरा."

उजेड मागच्या दारातून तिरपा येत होता. तीन फोटो काढले. दुसरा बरोबर आला आहे.

रविवार, 3 सप्टेंबर

चारशेवर फोटोंतून सात निवडले. सर्वांत पाण्याची रेघ कोठे ना कोठे दिसते : दारावर, पियानोच्या पायावर, शाळेच्या बसवर, कुंपणाच्या फळ्यांवर. प्रकल्पाला नाव मिळाले. घरांचे क्रमांक आणि गाड्यांच्या पाट्या चौकटीबाहेर राहतील अशी काटछाट केली. फाइलींमध्ये आपोआप नोंदले जाणारे ठिकाणाचे आकडेही पुसून टाकले, कारण रिकाम्या घरांचा पत्ता जगाला देणे म्हणजे चोरांना आमंत्रण.

मंगळवार, 5 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. आज सात चित्रे ओळखीच्या लोकांना पाठवली. 50 डॉलरच्या पावतीवर लहान प्रिंट, 150 च्या पावतीवर मोठा.

मजकुरावर मात्र नवऱ्याशी वाद झाला. मी स्टडच्या फोटोखाली लिहिले होते, "तीन वर्षांत तिसरा पूर. सढळ हाताने मदत करा." त्याचे म्हणणे, सढळ म्हणजे किती, हे देणाऱ्याला कळत नाही. तेव्हा हिशेब मांडला. बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद खोलीच्या भिंती चार फुटांपर्यंत नव्याने उभ्या करायच्या, तर चार बाय आठ फुटांचे शीटरॉकचे सहा तक्ते लागतात. सध्याच्या भावाने ते सत्तरेक डॉलरला पडतात. मग दोन मजकूर केले. पहिला ओळखीच्या एका यादीला आणि दुसरा दुसऱ्या यादीला पाठवला. दुसऱ्यात असे लिहिले : "अशा एका खोलीच्या भिंतींना शीटरॉकचे सहा तक्ते, म्हणजे सुमारे 70 डॉलर लागतात. आपली देणगी याच घरी जाणार नाही, ती निधीतून गरजेप्रमाणे वाटली जाईल." हे शेवटचे वाक्य जाहिरातीच्या दृष्टीने कच्चे आहे, असे नवरा म्हणाला. पण फोटोतल्या बाईंकडे बोट दाखवून पैसे मागायचे आणि ते भलतीकडे पोहोचवायचे, यात फसवणूक आहे. ते वाक्य राहील.

शुक्रवार, 8 सप्टेंबर

तीन दिवसांत 38 पावत्या आल्या. दोन्ही यादींतील माणसे साधारण सारखीच आहेत. पण तक्त्यांचा हिशेब वाचलेल्यांकडून 27 आणि "सढळ हाताने" वाचलेल्यांकडून 11. याला प्रयोग म्हणण्याइतकी मी भाबडी नाही, परंतु पहिला मजकूर आज काढून टाकला. अनेकांनी नेमके 70 किंवा 140 दिले आहेत. पुण्याहून एका मावशींनी तर विचारले, की दोन खोल्यांचे दिले तर प्रिंट मोठा मिळेल का. मिळेल, असे कळवले.

आजच्याच तारखेला 1900 साली गॅल्व्हस्टन बुडाले. येथून तासाभराच्या अंतरावरील त्या बेटावर सहा ते बारा हजार माणसे गेली असे मानतात आणि अमेरिकेच्या इतिहासात इतका जीवघेणा नैसर्गिक उत्पात दुसरा झालेला नाही. अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन वयाच्या 78 व्या वर्षी तेथे मदतकार्यासाठी जाऊन राहिल्या होत्या. त्या वादळाची स्टिरिओग्राफ चित्रे, म्हणजे एकाच दृश्याची किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे शेजारीशेजारी असलेली आणि दुर्बिणीसारख्या साधनातून पाहिल्यावर खोली दाखवणारी कार्डे, देशभर विकली गेली. त्यांतली काही आज संगणकावर बराच वेळ पाहिली. लाकडांचे डोंगर, आडवी झालेली घरे आणि वर उभे राहिलेले बघे. खोली विलक्षण दिसते. पण दिवाणखान्यात बसून ते कार्ड पाहणाऱ्याला आता काय करावे, हे त्यात कोठेच नाही. मला वाटते, ती विकत घेणाऱ्या पुष्कळांनी ती देखावा म्हणूनच घेतली असावीत. माझ्या सातांपैकी शाळेच्या बसचा फोटो त्याच जातीचा आहे. त्यालाही मागणी बरीच आहे, हे खेदाने नोंदवते.

सोमवार, 11 सप्टेंबर

काल अर्मा वादळ फ्लोरिडाला धडकले. तीन दिवसांत फक्त दोन पावत्या. ह्यूस्टनच्या शाळा आज उघडल्या. बातम्यांतून आम्ही गेलो.

रविवार, 17 सप्टेंबर

दुपारी मेयरलँडच्या बाईंचा फोन आला. आवाज शांत होता. त्या लहान मुलांना पियानो शिकवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, किंवा पियानोच्या पायाचा फोटो काढूनही मी ते विचारले नव्हते. त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या आईकडे माझे चित्र कोणाकडून तरी पोहोचले होते. तिने सहानुभूतीने फोन केला आणि बोलता बोलता विचारले, की आता शिकवणी बंदच का? बाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी हो म्हटले, तेव्हा माझ्या अंगात चिखलाने भरलेला शर्ट होता आणि मी दोन रात्री झोपले नव्हते. आता माझ्या शिकवण्या मला परत सुरू करायच्या आहेत. लोकांनी मला त्या बोळात उभी असलेली पाहू नये."

मी लगेच हो म्हटले. "मी माझ्याकडून काढते, पण ज्यांच्याकडे गेले आहे ते परत आणता येणार नाही," हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "ते मला समजते. तुमच्याकडून काढा."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ उठले नाही. आतापर्यंतच्या 40 पावत्यांपैकी 19 त्या एका चित्राच्या आहेत. चित्र चालले, कारण ते नेमके होते : ही बाई, ही भिंत, ही तिसरी रेघ. आणि त्याच नेमकेपणाने ती ओळखू आली. मी घराचे क्रमांक कापले, फाइलीतले आकडे पुसले आणि चेहरा मात्र तसाच ठेवला, कारण चेहऱ्यामुळेच चित्र चित्र होते. चोरांचा विचार केला, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा केला नाही.

संध्याकाळी चित्र काढून टाकले. ज्यांच्याकडे प्रिंट जायचे होते अशा सहा जणांना कळवून दुसरा निवडण्यास सांगितले. कारण दिले नाही. एकाने रागाने लिहिले, की देणगी आपण त्याच चित्रासाठी दिली होती. त्याला आदरपूर्वक उत्तर दिले.

यापुढे संमतीचा नियम बदलते : घटनास्थळी घेतलेली संमती तात्पुरती समजायची, आठ दिवसांनी, माणूस सावरल्यावर, चित्र आणि त्याखालचा मजकूर दोन्ही दाखवून पुन्हा विचारायचे, आणि तेव्हाच ते बाहेर पाठवायचे. मदतीच्या आवाहनाला आठ दिवसांचा उशीर परवडत नाही, हे मला माहीत आहे.

शनिवार, 23 सप्टेंबर

बुधवारी मारिया वादळाने पोर्टो रिको उद्ध्वस्त केले. या आठवड्यात पावती एकही नाही, आणि ज्यांना द्यायचे आहे त्यांनी तिकडेच द्यावे, असे मलाही वाटते.

वाचनात एक जुना अभ्यास आला. स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात लोकांना पाच डॉलर देऊन त्यांतले हवे तेवढे दान करण्यास सांगितले होते. ज्यांना माली देशातील एका मुलीचे चित्र व माहिती दिली, त्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. ज्यांना केवळ लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली, त्यांनी 1.14. आणि ज्यांना मुलगी व आकडेवारी दोन्ही दिली, त्यांनी 1.43. म्हणजे एका चेहऱ्याशेजारी लाखांचा आकडा ठेवला, की चेहऱ्याची ओढही ओसरते. माझा सहा तक्त्यांचा आकडा मात्र चालला. तो आकडा दुःखाचा नसून कामाचा होता, म्हणून असावे.

पण चेहरा वापरायचा नाही, तर दाखवायचे काय? आज हातांची चित्रे काढली. एका चर्चच्या स्वयंसेवकांचे हात, ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या दोन सुया स्टडमध्ये रुतवताना. लाकडातला ओलावा पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नवी भिंत चढवत नाहीत, नाहीतर आत बुरशी धरते. आज आकडा 24 होता. बरी चित्रे आली आहेत. त्यांना पाहून कोणाचे पाकीट उघडेल, असे वाटत नाही.

रविवार, 15 ऑक्टोबर

गुरुवारी लक्ष्मीपूजन आहे. त्यानिमित्ताने प्रकल्प बराच वेगळ्या वाटेने गेला आहे आणि ते मी ठरवून केले असे म्हणता येणार नाही. सप्टेंबरअखेर एका ओळखीच्या कुटुंबाने विचारले, की पुराचे फोटो पुरे झाले, शंभर डॉलरची पावती दाखवली तर आमचा दिवाळीचा कुटुंबाचा फोटो काढाल का? मी होकार दिला, आणि बातमी आमच्या मराठी मंडळींत अशी पसरली, की गेल्या तीन शनिवार-रविवारी हर्मन पार्कमध्ये 34 कुटुंबांचे फोटो काढले. प्रत्येकाला वीस मिनिटे. पैठण्या, झब्बे, ओकच्या झाडाखाली रडणारी मुले, आणि "आजींना खुर्ची द्या" असा सततचा घोष.

पहिल्या दिवशी मला हे थोडे खटकले. घरे बुडालेल्यांसाठी पैसे गोळा करायचे आणि समोर नटलेली माणसे, या विसंगतीचा बोचरा भाग जात नव्हता. परंतु या शहरात राहणाऱ्या कोणाला पाणी पुन्हा पाहण्याची इच्छा नाही, हे मी समजून घ्यायला हवे होते. ब्रेज बायूचा फोटो पुण्याच्या मावशींसाठी बातमी आहे. येथल्या माणसाला ती त्याच्या ऑफिसच्या वाटेवरची रोजची जागा आहे. शिवाय या 34 पैकी चार कुटुंबांच्या स्वतःच्या घरात पाणी आले होते, आणि त्यांचे सगळे जुने फोटो राडारोड्याच्या ढिगात गेले. त्यांच्याकडून पावती घेतली नाही. त्यांतील एका गृहस्थांनी तरीही फूड बँकेला वीस डॉलर देऊन, म्हणजे साठ जेवणे, असे हसून सांगितले.

छपाई केंद्राने पहिल्या गठ्ठ्यातील सर्वांचे चेहरे तांबूस करून पाठवले. पुन्हा छापून घ्यावे लागले आणि पैसे पुन्हा भरावे लागले. आता नमुना पाहिल्याशिवाय गठ्ठा मागवत नाही.

बुधवार, 29 नोव्हेंबर

काल गिव्हिंग ट्यूजडे, म्हणजे देणग्या देण्याचा वार्षिक दिवस, होता. त्यानिमित्त हातांची चित्रे पाठवून पाहिली. पाच पावत्या. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज या बेसबॉल संघाने 1 नोव्हेंबरला वर्ल्ड सिरीज जिंकल्यापासून शहराचे मन दुसरीकडे लागले आहे आणि ते लागायला हवेच होते.

हिशेब बंद करते. पुराच्या चित्रांवर एकूण 57 पावत्या, 4,685 डॉलर. दिवाळीच्या फोटोंवर 30 पावत्या, 4,150 डॉलर. यात वीस डॉलरची ती पावती धरलेली नाही. काहींच्या कंपन्यांनी तेवढीच भर घातली, तिचा आकडा माझ्यापर्यंत पूर्ण आलेला नाही. छपाई, दुबार छपाई आणि टपाल मिळून माझा खर्च 812 डॉलर. म्हणजे मी घरी बसून तेवढेच पैसे थेट दिले असते, तर निधीला 812 मिळाले असते. नवऱ्याने हे गणित सप्टेंबरमध्येच विचारले होते, त्याचे उत्तर आज देता आले.

शनिवार, 9 डिसेंबर

काल पहाटे ह्यूस्टनमध्ये बर्फ पडला. तासाभरात प्रत्येकाच्या फोनवर पांढऱ्या हिरवळीचे फोटो होते, आणि मीही अंगणातल्या लिंबाच्या झाडाचा एक काढला.

आज मेयरलँडला गेले होते. स्टडच्या चित्राचा एक मोठा प्रिंट, जो कोणाकडेही गेला नव्हता, तो बाईंना द्यायचा होता. त्यांना नको असेल तर त्यांच्यासमोर फाडून टाकू, असे आधी फोनवर विचारले होते. त्यांनी दारातच तो हातात घेतला, बाहेरच्या उजेडात धरला, आणि आधी स्वतःकडे न पाहता खालच्या दोन तारखा वाचल्या. मग म्हणाल्या, "अठराशे पंचेचाळीस सालच्या माझ्या पणजीसारखी दिसते आहे."

घरात अजून भिंती नाहीत. ओलावा उतरला आहे, पण कारागीर जानेवारीच्या आधी मिळत नाही. स्टड उघडेच आहेत, तिन्ही रेघाही तशाच आहेत. कोपऱ्यात एक विजेवर चालणारा छोटा पियानो, त्यासमोर दोन खुर्च्या आणि एक हीटर आहे. तीन मुले पुन्हा येऊ लागली आहेत, असे त्यांनी सांगितले.

प्रिंट त्यांनी परत माझ्याकडे दिला. "भिंत झाली की आणा. याच बोळात लावणार आहे, नाहीतर पुढच्या कारागिराला कळायचे कसे?" दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तो माझ्या टेबलाच्या खणात सपाट ठेवला आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांना फोन करायचा, अशी खूण कॅलेंडरवर केली आहे.